पहिल्या खेपेची होंडा
होंडाने 1969 मध्ये चार सिलिंडरची सीबी 750 आणली, तेव्हा ती किती खपेल याची कंपनीलाच खात्री नव्हती. म्हणून महागड्या डायवर पैसा न घालता पहिल्या सुमारे 7,400 गाड्यांचे क्रँककेस साध्या साच्यांत ओतले गेले. मागणी वाढताच ती पद्धत सुटली आणि त्या खरबरीत केसच्या गाड्या दुर्मीळ झाल्या. संग्राहक त्यांना ‘सँडकास्ट’ म्हणतात. 2018 मध्ये ब्रिटनमधल्या लिलावात उत्पादनपूर्व नमुन्यांपैकी एक गाडी 1,61,000 पौंडांना गेली. मला हे वेड समजतं. मोटरसायकलचं जग बदलणारं यंत्र जपायलाच हवं. घेणाऱ्यांनी मात्र रंग-क्रोमला भुलू नये. आधी इंजिन आणि चासीचे नंबर तपासा, आणि पॉलिश मारून केसचा मूळ पोत घालवलेली गाडी कितीही चकचकीत असली तरी घेऊ नका.