डब्यावरचा त्रिकोण पंप पाठीवर घेणाऱ्याला कोण समजावणार?

वऱ्हाडात कीटकनाशकाला सहसा कोणी विष म्हणत नाही. कृषी केंद्रातून आणतात ते ‘औषध’ आणि पऱ्हाटीवर मारतात तेही ‘औषध’. डब्यावरचं रंगीत चिन्ह मात्र आत काय आहे ते स्पष्ट सांगतं. अडचण एवढीच की डबा विकत घेतो शेतमालक आणि पंप पाठीवर घेतो मजूर.

२०१७ मध्ये काय घडलं?

त्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. अकोला, अमरावतीतही रुग्ण आढळले. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमलं गेलं. यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलडाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी आली.

त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. त्यामुळे फवारा खाली न पडता तोंडावर येत होता. बॅटरीवरच्या पंपांतून निघणारे बारीक तुषार, उकाडा, दोन-तीन औषधं एकत्र करण्याची सवय आणि तोंडाला फक्त दुपट्टा, अशी कारणं एकावर एक चढली.

चिन्ह कसं वाचायचं?

कीटकनाशक नियम, १९७१ नुसार प्रत्येक डब्यावर टोकावर उभा केलेला चौकोन असतो. त्याचे दोन त्रिकोण पडतात. वरच्यात इशारा असतो, खालच्यात रंग.

• लाल: अत्यंत विषारी. वर कवटी, हाडं आणि ‘विष’ हा शब्द.
• पिवळा: अति विषारी. कवटी नाही, पण शब्द ‘विष’ हाच.
• निळा: मध्यम विषारी. शब्द ‘धोका’.
• हिरवा: कमी विषारी. शब्द ‘सावधान’.

हे रंग ठरतात प्रयोगशाळेतल्या चाचणीवरून. ज्या मात्रेने चाचणीतले निम्मे प्राणी दगावतात, ती मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे मोजतात. तोंडावाटे गेलेल्या विषासाठी ती १ ते ५० मिलिग्रॅम असेल तर लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५,००० पर्यंत निळा आणि त्यापुढे हिरवा. म्हणजे हिरवा रंग ‘बिनधास्त मारा’ असं सांगत नाही.

हे चिन्ह काय सांगत नाही?

रंगाची ही वर्गवारी तोंडावाटे आणि त्वचेवाटे होणाऱ्या विषबाधेवर बेतलेली आहे. श्वासातून आत जाणारे तुषार तिच्यात मोजलेले नाहीत. डोक्याएवढ्या पऱ्हाटीत तर तोच मोठा धोका असतो. शिवाय लेबल असतं एका डब्याचं. ड्रममध्ये दोन औषधं एकत्र केली की त्या मिश्रणाला लेबलच उरत नाही. मजुराच्या हाती येतं ते नेमकं हेच मिश्रण.

प्रशिक्षणाची जबाबदारी कोणाची?

याच नियमावलीतला नियम ४२ सांगतो, की उत्पादक, वितरक आणि फवारणी करून घेणाऱ्यांनी कामगारांना सुरक्षेचं आणि संरक्षक साधनं हाताळण्याचं प्रशिक्षण द्यायचं आहे. हातमोजे, बूट, कपडे आणि मास्क यांच्यासाठीही स्वतंत्र नियम आहेत. तरतूद आहे, ती बांधावर पोहोचत नाही. कारखान्यातल्या कामगाराची निदान हजेरी तरी लागते. रोजीवर आलेल्या मजुराचं नाव ना सातबाऱ्यावर असतं, ना कृषी केंद्राच्या बिलावर. मग प्रशिक्षणाचा निरोप तरी त्याला कोण देणार?

म्हणून प्रशिक्षणाचं माप बदलायला हवं. किती मेळावे झाले हे मोजून भागणार नाही. प्रत्यक्ष फवारणी करणारे किती जण शिकले, ते मोजा. अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रं आहेत, गावोगाव कृषी सहायक आहेत. ऑगस्टपूर्वी गावात फवारणी करणाऱ्यांची यादी करून त्यांना मराठीत, हातात डबा देऊन, अर्धा तास शिकवणं अवघड नाही. खर्च कंपन्यांनी उचलावा. नियमाने ती जबाबदारी त्यांच्यावरही टाकलेली आहेच.

तोवर आपण काय करायचं?

• पंप भरण्याआधी मालकाने मजुराला डबा दाखवावा आणि चिन्ह समजावून सांगावं.
• उपाशीपोटी, वाऱ्याच्या उलट दिशेने किंवा गळक्या पंपाने फवारणी नको.
• लेबलवर सांगितलेलं नसेल तर औषधं एकत्र करू नका.
• मळमळ, घाम, धूसर दिसणं किंवा धाप लागणं सुरू झालं की काम थांबवा. कपडे काढा, साबण-पाण्याने अंग धुवा, १०८ वर फोन करा.
• डबा किंवा लेबलचा फोटो रुग्णालयात न्या. दिल्लीच्या एम्समधील विष माहिती केंद्राचा टोल-फ्री क्रमांक १८०० ११६ ११७ आहे.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. काही विषांवर ॲट्रोपिनसारखा उतारा आहे, काहींवर कोणताच नाही. पोटात किंवा अंगात नेमकं काय गेलं हे कळलं नाही, तर डॉक्टरांना अंदाजानेच उपचार करावे लागतात.

डब्यावरचं चिन्ह मजुरासाठी आहे. ते दुकानाच्या फळीवरच वाचलं जात असेल, तर २०१७ मधून आपण फारसं शिकलो नाही, असंच म्हणावं लागेल.