पाणी कुठून येतं तुमच्या सोसायटीला?

आपल्या हॉस्टेलवर फायनल इयरच्या मुलींचं एक स्वप्न ठरलेलं असतं. प्लेसमेंट लागली की पुण्यात टू बीएचके, आणि तोही 'चांगल्या एरियात'! चांगला एरिया म्हणजे नेमकं काय, असं विचारलं की उत्तरं पटापट येतात. गेट हवं, गेटवर वॉचमन हवा, खाली जिम हवी, आणि शक्यतो कात्रज-धनकवडी नाहीतर सिंहगड रोड, म्हणजे शनिवारी गावाला जायला सोपं. आपल्याकडे भोर-वेल्ह्याची मुलं-मुली भरपूर, त्यामुळे पुणं म्हणजे स्वारगेटच्या अलीकडचं पुणं. स्वारगेटच्या पलीकडे जे आहे ते बहुतेक फक्त पिक्चर आणि पासपोर्टसाठी!

मी त्याच चांगल्या एरियातून इथे आले. जन्मापासून सिंहगड रोडला, धायरीच्या पुढे. म्हणून या विषयावर चार शब्द लिहायचा मला हक्क आहे असं मी समजते. (शिक्षण कॉन्व्हेंटचं, त्यामुळे जड शब्द जपून वापरणार आहे. शाळेत मराठीत बोललं की पाच रुपये दंड होता. त्या हिशेबाने हा लेख मला चांगलाच महागात पडला असता.)

आधी चांगलं सांगते, नाहीतर रूममेट म्हणेल की खाऊन-पिऊन वर नावं ठेवतेस. सोसायटीत राहण्याचे फायदे आहेतच. रात्री साडेदहाला क्लासवरून एकटी यायचे, कोणी 'कुठे होतीस' विचारत नाही आणि आईच्या जिवालाही घोर नाही. पहिल्या मजल्यावर तेलुगू कुटुंब, समोर बिहारचे, वर सोलापूरचे. आडनावावरून कोण कुठल्या आळीतलं हे काढत बसायची कोणाला फुरसत नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये याच लोकांनी वयस्कर जोडप्यांना दारात भाजी-औषधं आणून दिली. माझ्या रूममेटच्या गावात चांगुलपणा याच्या दसपट आहे, पण तिला संध्याकाळी सातनंतर एस.टी. स्टँडवर उभं राहिलं तर दुसऱ्या दिवशी तीन जणांना उत्तर द्यावं लागतं. हे पण खरंच आहे ना?

वाईट सांगायचं तर तेही नेहमीचंच. कामवाल्या मावशींना वेगळी लिफ्ट. बाल्कनीत कपडे वाळत घालायचे नाहीत, कारण 'एलिव्हेशन' खराब दिसतं. खेळायला जागा म्हणजे पोडियम, आणि तिथे बॉल न्यायचा नाही. पार्किंगवरून झालेली भांडणं पिढ्यानपिढ्या चालतात. हे सगळं मी सहन करू शकते. माझा मुद्दा वेगळाच आहे.

माझा मुद्दा पाण्याचा आहे.

लहानपणी मला वाटायचं की पाणी टँकरमधून येतं. म्हणजे जसं दूध पिशवीतून येतं, तसं. सकाळी सहाला मोटरचा आवाज, मग सेक्रेटरी काकांची व्हॉट्सअॅपवर सूचना की आज तीन टँकर आले, जपून वापरा. आमच्या गच्चीवरून खडकवासल्याकडचे डोंगर दिसतात. धरण बाईकवर पंधरा-वीस मिनिटांवर. तिथून पर्वतीच्या जलकेंद्राकडे पाणी नेणारी बंद जलवाहिनी आमच्याच बाजूने शहरात जाते. पण आमच्या नळाला ते पाणी नाही! 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण मी दहावीला परीक्षेसाठी पाठ केली होती. तिचा अर्थ मला बाईंनी समजावून सांगायची काहीच गरज नव्हती.

याचं कारण साधं आहे. आमचा भाग आधी वसला आणि शहरात नंतर आला. धायरी, आंबेगाव वगैरे ११ गावं महापालिकेत आली २०१७ मध्ये. नांदेड, किरकटवाडी, नऱ्हे, खडकवासला वगैरे २३ गावं आली २०२१ मध्ये. तोवर तिथे बारा-बारा मजली इमारती उभ्या राहून लोकांचे होम लोनचे निम्मे हप्तेसुद्धा फिटले होते. बांधकामाची परवानगी घेताना बिल्डर हमीपत्र देतो, की सरकारी पाणी येईपर्यंत पाण्याची सोय मी करीन. पुढे सोसायटी रजिस्टर होते, बिल्डर दुसऱ्या साईटवर जातो आणि 'मी'चं 'आम्ही' होतं.

सिव्हिलची आहे, तर थोडा हिशेब करते. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. दोनशे फ्लॅटची सोसायटी, घरटी चार माणसं, म्हणजे ८०० माणसं. रोजचे झाले १ लाख ८ हजार लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर रोज जवळजवळ अकरा टँकर. आणि हे फक्त एका गेटच्या आतलं गणित आहे. त्या रस्त्यावर अशी किती गेटं आहेत ते पुढच्या वेळी बसच्या खिडकीतून मोजा. ट्रॅफिकमुळे वेळ भरपूर मिळेल. (उड्डाणपूल २०२५ मध्ये पूर्ण झालाय, तरीही मिळेल!)

टँकर कुठे भरतो, त्या विहिरीच्या शेजारी काय आहे, हे आम्ही कधी विचारलं नाही. विचारायची वेळ आली २०२५ च्या जानेवारीत. सिंहगड रोडच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात, एकदम गुइलेन बॅरे सिंड्रोमचे पेशंट सापडायला लागले. जीबीएस. आपलीच रोगप्रतिकारक शक्ती आपल्याच नसांवर उलटते. आधी जुलाब होतात, मग पायातली ताकद जाते आणि काही जणांना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं. पुणे परिसरात दोनशेच्या वर संशयित रुग्ण झाले, काहींचे जीव गेले. बऱ्याच रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, जो दूषित पाण्यातून आणि अन्नातून पसरतो. नांदेडची एक मोठी विहीर तेव्हा रोज बातम्यांत होती. त्या विहिरीचं पाणी शुद्धीकरण प्रकल्पातून न जाता, नुसतं क्लोरीन टाकून घराघरांत जात होतं. आमच्या घरात दोन महिने गॅसवर सतत पातेलं होतं. स्विमिंग पूल असलेल्या सोसायटीत लोक पाणी उकळून पीत होते हे चित्र ब्रोशरमध्ये कोणी छापत नाही.

त्याच्या आधीच्या वर्षी उलटं झालं. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या वर पाणी सोडलं, आणि सिंहगड रोडच्या एकतानगरीत पहाटे लोक जागे झाले तेव्हा पार्किंग बुडालेलं होतं. लष्कराला बोलवावं लागलं. आपण हायड्रॉलॉजीत शिकतो की निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर आणि लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा. परीक्षेत दोन मार्कांना असतं. पण फ्लॅट दाखवणारा माणूस किचन ट्रॉलीचे रंग दाखवतो, या रेषा दाखवत नाही. म्हणजे उन्हाळ्यात विकत घ्यायचं आणि पावसाळ्यात पंपाने उपसायचं, असं आमचं पाण्याशी नातं आहे.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं पुण्याचं रडगाणं, आमच्या मासिकात कशाला? तर कारण हे पाणी तुमचं आहे. अगदी खरं सांगते, इथे येईपर्यंत मला हे माहीतच नव्हतं. कोणी सांगितलंही नव्हतं. पुण्याला पाणी देणारी धरणं चार. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. चारही मिळून साधारण २९ टीएमसी. त्यात पानशेतचं १०.६५ आणि वरसगावचं १२.८२, आणि या दोन्ही धरणांच्या भिंती वेल्हे तालुक्यात. (तालुक्याचं नाव राजगड करायला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली, पण हॉस्टेलवर अजून सगळे वेल्हेच म्हणतात.) गुणोत्तर काढा : पुण्याच्या पाच हंड्यांतले चार हंडे वेल्ह्याचे! आणि भोरचं म्हणाल तर भाटघर धरण जवळजवळ शंभर वर्षांचं, १९२८ सालचं. त्याचं पाणी नीरेच्या कालव्याने बारामती-इंदापूरकडे जातं.

माझी रूममेट पानशेतच्या वरच्या अंगाची. तिच्या आजीचं माहेर धरणाच्या पाण्याखाली आहे. काही घरं डोंगरावर वर सरकली, काहींना पार दौंडकडे जमिनी मिळाल्या, मग भावकी फुटली. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं हे पुण्यात सगळ्यांना माहीत आहे. त्या पुराच्या गोष्टी मीसुद्धा लहानपणापासून ऐकल्या, कुठल्या पेठेत पाणी कुठवर चढलं, घरं गेलेल्या लोकांसाठी गोखलेनगर, सहकारनगर कसं वसलं. पण धरण फुटलं तसं ते आधी बांधलं पण होतं, आणि ते बांधताना कोणाची तरी घरं गेली होती, हा भाग आमच्या गोष्टीत कधी आलाच नाही. आजी सांगते की पुराच्या आधी त्यांच्याकडे पण एक पूर आला होता, फक्त तो हळूहळू चढला आणि उतरलाच नाही.

आणि गंमत (?) अशी की याच तालुक्यांतल्या वरच्या वाड्यांना एप्रिल-मे महिन्यात टँकर लागतो. देशात सगळ्यात जास्त पाऊस पडणाऱ्या घाटांपैकी हा घाट. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या माणसाला रोज ५५ लिटर धरलेत. मला १३५, तिला ५५. आम्ही दोघी एकाच खोलीत राहतो, एकाच बादलीने आंघोळ करतो, आणि सुट्टीला घरी गेलो की सरकारी कागदावर माझी तहान तिच्या अडीचपट होते.

पण मला खरी काळजी याची नाही, पुढची आहे. आपल्या कॉलेजहून हायवेला लागलं की चेलाडीपासून खेड-शिवापूरपर्यंत पाट्याच पाट्या. एनए प्लॉट, वीकेंड होम, 'निसर्गाच्या कुशीत', 'पुण्यापासून फक्त पंचेचाळीस मिनिटं'. नवा रिंग रोड भोर तालुक्यात वरव्याला येऊन मिळणार आहे. म्हणजे धायरीचं जे झालं ते आता नसरापूर-कापूरहोळला होणार, यात मला तरी शंका नाही. आधी प्लॉट, मग बंगले, मग चार मजले, मग बारा. ड्रेनेज सगळ्यात शेवटी.

यावर हॉस्टेलवर आमची खूप भांडणं झाली. एक मैत्रीण म्हणाली, 'तुम्ही फ्लॅटमध्ये राहिलात, आता आम्ही राहायचं म्हटलं की तुम्हाला निसर्ग आठवला.' बरोबर आहे तिचं. आम्ही पुणेकरांनी इथे ट्रेकला येऊन तोरण्यावर फोटो काढावेत आणि इथल्यांनी भात लावत बसावं, म्हणजे फोटो छान येतो, असं म्हणायचा मला काही अधिकार नाही. वस्ती वाढणार, वाढू दे. लोकांनी जमीन विकावी की नाही तो त्यांचा प्रश्न.

मी फक्त क्रम बदला म्हणते. आधी पाण्याची लाईन, सांडपाण्याची लाईन, पावसाच्या पाण्याला वाट, आणि मग बांधकामाची परवानगी. हमीपत्रावर नाही. हमीपत्र पिता येत नाही! आपण जे चार वर्षं शिकतो, एस्टिमेट, वॉटर सप्लाय, सॅनिटेशन, त्यात कुठल्याच पुस्तकात 'आधी इमारत बांधा, मग पाणी शोधा' असं लिहिलेलं नाही. तरी आपल्यातलेच पास आऊट होऊन त्याच प्लॅनवर सह्या करतात. हे मला जास्त लागतं.

रूममेटच्या एका नातेवाईकांचं वावर गुंजवणीच्या काठी, रस्त्याला लागून आहे. त्यांच्याकडे एजंट दोनदा येऊन गेला. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही, आणि नाही पण म्हटलेलं नाही. दोन मुलांच्या फिया आहेत. त्यांनी एजंटला एवढंच विचारलं की एवढ्या बंगल्यांचं सांडपाणी कुठे सोडणार? तो म्हणाला, ते नंतर बघू, आत्ता रेट सांगा.

तर या सेमिस्टरच्या मिनी प्रोजेक्टसाठी आम्ही चार जणी हायवेच्या आसपासच्या विहिरींचं आणि नळांचं पाणी तपासणार आहोत. ग्रामपंचायतीतले जलसुरक्षक करतात तीच ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं, आणि जिवाणूंची तपासणी कॉलेजच्या लॅबमध्ये. सरांनी हो म्हटलंय. गावातल्या लोकांशी बोलायला इथली भाषा नीट येणारी दोन मुलं-मुली हवी आहेत, कारण मी बोलायला लागले की लोक मला सर्व्हेवाली समजतात आणि रेशनकार्ड दाखवतात. ज्यांना यायचं असेल त्यांनी मेसमध्ये भेटा. बाटल्या आपल्या आपण आणायच्या, आणि त्या आधी उकळलेल्या पाण्याने धुतलेल्या हव्यात.