कायद्याचा प्रवेश कागदांपाशी अडू नये

प्रति,
मा. आयुक्त,
राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, मुंबई

महोदय,

अभ्यासक्रम बारावीनंतरचा पाच वर्षांचा असो की पदवीनंतरचा तीन वर्षांचा, राज्यातल्या विधी महाविद्यालयांचा रस्ता २०१६ पासून आपल्या सीईटीवरून जातो. ही परीक्षा मराठीतूनही देता येते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची ‘क्लॅट’ फक्त इंग्रजीत होते आणि तिथे प्रत्येक चुकीमागे पाव गुण जातो. त्यामुळे मराठी माध्यमातल्या, विशेषतः तालुक्याच्या गावांतल्या मुलामुलींना सीईटीचा मोठा आधार आहे. तो परीक्षेच्या दिवसापुरता राहू नये, म्हणून हे पत्र.

अभ्यास मुले करतात. ती अडतात निकालानंतर. सीईटीचा फॉर्म भरला म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला, अशी अनेक घरांत समजूत असते. प्रत्यक्षात कॅपसाठी, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेसाठी, वेगळी नोंदणी करावी लागते, कागदपत्रे अपलोड करून त्यांची पडताळणी व्हावी लागते आणि महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरावा लागतो. यातली एक तारीख हुकली, तर उत्तम गुणही कामी येत नाहीत.

सर्वांत जास्त घोळ कागदपत्रांचा. इंजिनिअरिंग-मेडिकलच्या वाटेवरच्या मुलांना जात पडताळणीचा अर्ज करायला अकरावी-बारावीतच सांगितले जाते. कला किंवा वाणिज्य शाखेतून कायद्याकडे येणाऱ्यांना हे सांगणारे सहसा कोणी नसते. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते, हे सेतू केंद्राच्या रांगेत उभे राहिल्यावर कळते. तोवर प्रांत कार्यालयात गर्दी झालेली असते.

म्हणून तीन मागण्या. पहिली, कॅपला लागणाऱ्या कागदपत्रांची प्रवर्गनिहाय यादी सीईटीच्या अर्जासोबतच, सोप्या मराठीत द्यावी. कोणता दाखला कुठे मिळतो आणि कोणत्या तारखेपर्यंत वैध हवा, हेही त्यात असावे. दुसरी, फेऱ्यांचे वेळापत्रक आधी जाहीर करून पाळावे. गेल्या काही वर्षांत फेऱ्या पावसाळा सरेपर्यंत लांबल्या. तोपर्यंत मुले हाताशी असावा म्हणून बीए-बीकॉमला प्रवेश घेतात, फी भरतात, मूळ दाखले तिथे जमा करतात आणि पुढे ते सोडवून आणण्यासाठी धावतात. तिसरी, प्रत्येक तालुक्यात एका महाविद्यालयात मदत कक्ष असावा आणि अपलोडमधली त्रुटी सुधारायला पुरेसे दिवस मिळावेत.

अर्ज करणाऱ्यांनाही सांगतो. मागण्या मान्य होण्याची वाट पाहू नका. जातीचा दाखला, पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस, अधिवास, यांपैकी आपल्याला काय लागते ते पाहून परीक्षेआधीच अर्ज करा. शिक्षणात खंड असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र करून ठेवा. दाखल्यांवरच्या नावाचे स्पेलिंग जुळते का ते तपासा. फॉर्मवर मोबाइल क्रमांक स्वतःचा द्या, कॅफेवाल्याचा नको, कारण ओटीपी आणि सूचना त्यावरच येतात. पेपरमध्ये एकही प्रश्न सोडू नका. पसंतीक्रमात मनापासून हवे असलेले महाविद्यालय वरच ठेवा. ते न मिळाल्यास खालच्या पसंतीवरचा हक्क जात नाही. यादीत नाव टाकण्यापूर्वी बार कौन्सिलची मान्यता, फी, वसतिगृह आणि जवळचे न्यायालय यांची चौकशी करा.

महोदय, महाराष्ट्रातल्या तालुका आणि जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे. तिथल्या पक्षकाराला त्याची भाषा आणि त्याचे गाव जाणणारा वकील हवा असतो. असा वकील होऊ शकणारी मुलगी एका मुदत संपलेल्या दाखल्यामुळे बाहेर राहिली, तर नुकसान तिच्या एकटीचे नसते. कागदपत्रांची यादी मराठीत आणि वेळेत देण्याला मोठा खर्च नाही. ते काम येत्या प्रवेशवर्षापासूनच सुरू करावे, ही कळकळीची विनंती.

आपला,
कायद्याच्या विद्यार्थ्यांचा एक हितचिंतक