तीस गाण्यांचा हट्ट

जेफ ट्वीडीचा 'ट्वायलाइट ओव्हरराइड' २६ सप्टेंबर २०२५ला आला. तीन डिस्क, ३० गाणी, जवळपास दोन तास. आमचा पाच-सहा जणांचा एक ग्रुप आहे, तिथे संध्याकाळपर्यंत पहिला शेरा पडला: "१२ पुरली असती की. कुणीतरी एडिट करायला हवं होतं याला." दुसरा शेरा दोन दिवसांनी आला, तोही ज्याने अल्बम खरोखर ऐकला होता त्याच्याकडून. "बरा आहे, पण म्हातारा फारच आशावादी झालाय. 'यँकी हॉटेल फॉक्सट्रॉट'ची धार नाही राहिली."

या दोन्ही शेऱ्यांशी माझं भांडण आहे, आणि खरं तर ते एकच भांडण आहे.

ज्यांना ट्वीडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इलिनॉयमधल्या बेलव्हिल या गावचा, वडील रेल्वेत कामाला. आधी 'अंकल टुपेलो' हा बँड, तो फुटल्यावर १९९४पासून 'विल्को'. २००१मध्ये विल्कोचा 'यँकी हॉटेल फॉक्सट्रॉट' रिप्रीज या त्यांच्याच कंपनीने नाकारला. बँडने तो स्वतःच्या वेबसाइटवर फुकट ऐकायला ठेवला आणि २००२मध्ये नॉनसच कंपनीने तो विकत घेऊन बाजारात आणला. गंमत अशी की दोन्ही कंपन्या वॉर्नरच्याच, म्हणजे एकाच मालकाने एकाच मालाचे दोनदा पैसे मोजले. ही गोष्ट इतकी गोड आहे की बहुतेकांचा ट्वीडी तिथेच थांबतो. त्यानंतर विल्कोचे नऊ अल्बम आले (त्यातला २०२२चा 'क्रूएल कंट्री' तर दुहेरी), एकट्याच्या नावावर कितीतरी, शिवाय पुस्तकंही. पण धार म्हणजे २००२, असं ठरलंय.

तर ती धार कशाची होती, ते बघू. त्याला लहानपणापासून भयंकर अर्धशिशी. जोडीला नैराश्य, पॅनिक अटॅक, आणि या सगळ्यावर उतारा म्हणून वेदनाशामक गोळ्या, ज्यांचं पुढे व्यसन झालं. २००४मध्ये 'अ घोस्ट इज बॉर्न' बाजारात यायच्या तोंडावर तो दवाखान्यात भरती झाला. त्या अल्बमवर 'लेस दॅन यू थिंक' नावाचं १५ मिनिटांचं गाणं आहे. त्यातली बहुतेक मिनिटं नुसती घरघर आणि शिट्टी. अर्धशिशीत डोक्याच्या आत काय चालतं ते ऐकवायचं होतं, असं त्याने नंतर सांगितलंय. ती १५ मिनिटं कुणी 'एडिट करा' म्हणत नाही. ती धाडसी मानली जातात. २००७मध्ये, बरा झाल्यावर, त्याने 'स्काय ब्लू स्काय' हा शांत, नीट वाजवलेला अल्बम काढला, तर त्याच्यावर 'डॅड रॉक' असा शिक्का बसला आणि आजतागायत पुसला गेलेला नाही. माणूस मरणाच्या दारात होता तेव्हा कलाकार, आणि सकाळी उठून मुलांना शाळेत सोडायला लागला की बाबा.

हे मला इतकं का झोंबतं ते सांगतो. इंजिनिअरिंगला आमच्या हॉस्टेलवर एक मुलगा होता. मराठीत गाणी लिहायचा, स्वतःच चाली लावायचा, आणि त्या वयात माझ्या ओळखीतला तो एकमेव माणूस होता ज्याचं लिहिणं ऐकून मला माझी वही लपवावीशी वाटायची. तिसऱ्या वर्षी तो आजारी पडला. खोलीतून बाहेर येईना, मेसचा डबा तसाच पडून राहायचा. आम्ही त्याला डॉक्टरकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या, फरक दिसायला लागला. दोन महिन्यांनी त्याने त्या बंद केल्या. मला म्हणाला, "गोळ्या घेतल्या की ओळी सुचत नाहीत रे." मी काय म्हणालो असेन? मी मान डोलावली. मला ते पटलं. मीही त्याच दुकानातला गिऱ्हाईक होतो: दुःख म्हणजे खोली, हसरा माणूस म्हणजे उथळ, आणि लवकर गेलेला तो थोर. शेवटच्या वर्षाच्या परीक्षा त्याने दिल्या नाहीत. आता लातूरला घरी असतो. गेल्या आठ वर्षांत त्याने एकही गाणं पूर्ण केलेलं नाही.

म्हणून कुणी 'धार' म्हणालं की माझा आवाज चढतो. ट्वीडी हे गेली वीस वर्षं सांगतोय, आठवणींच्या पुस्तकातही लिहितोय, की मी दुःखामुळे लिहीत नव्हतो, दुःख असूनही लिहीत होतो. २०२०च्या 'हाउ टू राइट वन साँग'मध्ये तर प्रतिभा वगैरे शब्दांची त्याने पार हवाच काढलीय. एका व्यवसायाशी संबंधित दहा क्रियापदं लिही, समोर दिसणाऱ्या दहा वस्तू लिही, जोड्या लाव, बघ काय होतं. रोज थोडा वेळ दे. एकच गाणं लिही. उद्या पुन्हा एकच. माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्या माणसाला ही भाषा लगेच कळते आणि साहित्यातल्या माणसांना ती थोडी अपमानास्पद वाटते, हे मी पाहिलंय.

आता 'आशावादी' या शिवीकडे वळू. हा शब्द बदनाम का झाला तेही मला माहीत आहे. आमच्या ऑफिसात गेल्या वर्षी एका शुक्रवारी टीममधले चौघे कमी केले आणि सोमवारी सगळ्यांना कॉलवर घेऊन सांगितलं, पॉझिटिव्ह राहा, पुढे खूप संधी आहेत. स्लाइडवर उगवता सूर्य होता. ज्याने तो कॉल ऐकलाय त्याला आशावाद या शब्दाने मळमळलं तर मी समजू शकतो. पण तो आशावाद अंधार नाहीच असं सांगतो. या अल्बमच्या नावातच संधिप्रकाश आहे. आणि त्याच्यापुढचा शब्द आमच्या धंद्यातला आहे. ओव्हरराइड म्हणजे डिलीट नव्हे. मूळ क्लासमधलं फंक्शन जसंच्या तसं शिल्लक राहतं. तुम्ही खालच्या क्लासमध्ये त्याच नावाचं आपलं फंक्शन लिहिता आणि हाक आली की तुमचं उत्तर देतं. मूळचं कधीही बोलावता येतं, ते कुठे गेलेलं नसतं. ट्वीडीच्या मनात हा अर्थ होता असा माझा दावा नाही. पण अल्बम चालतो तो असाच. 'कॉट अप इन द पास्ट', 'बिट्रेड', 'सॅडेस्ट आइज': नुसती नावं वाचा, यात उगवता सूर्य कुठे आहे?

आणि म्हणूनच गाणी ३० हवीत. हा अल्बम काढताना ट्वीडी जे म्हणाला त्याचा आशय असा: आजूबाजूचं मळभ अंगावर येतंय, तर आपणही तितकंच त्याच्या अंगावर जायचं, कारण काहीतरी घडवणारा माणूस आपोआप मोडतोडीच्या विरुद्ध बाजूला उभा राहतो. बारा गाण्यांनी कुणाच्या अंगावर जाता येत नाही. बारा गाण्यांचा अल्बम 'बघा, मी किती नेमकं निवडलंय' असं म्हणतो. तीस गाण्यांचा म्हणतो, 'आजही लिहिलं'. तिसऱ्या डिस्कवर 'अमर भारती' नावाचं गाणं आहे. हो, तेच अमर भारती, १९७३पासून उजवा हात वर धरून बसलेले साधू, ज्यांचे कुंभमेळ्यातले फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. शिकागोतल्या माणसाला त्यांच्यावर गाणं करावंसं वाटलं याचं मला नवल वाटलं, मग वाटलं नाही. त्या हाताला कुणी विचारत नाही की दहा वर्षं पुरली नसती का.

सगळी गाणी सारख्या तोलाची नाहीत, हे कबूल. दुसऱ्या डिस्कच्या मध्यावर मी दोनदा किती उरलंय ते पाहिलं. 'द क्लॅश'च्या १९८०च्या 'सँडिनिस्टा!'बद्दलही लोक हेच म्हणत आलेत, की तीन तबकड्यांत एक उत्तम अल्बम लपलाय. असेल. पण प्रत्येकाच्या लपलेल्या अल्बमची यादी वेगळी निघते. ट्वीडीला हे सगळं ठाऊक आहे. पहिल्या डिस्कचं शेवटचं गाणं 'थ्रोअवे लाइन्स' आहे आणि तिसाव्याचं नाव 'इनफ'.

मला सगळ्यात लख्ख ऐकू येतात ते स्पेन्सर आणि सॅमी, त्याचे मुलगे, बापाबरोबर वाजवताना, गाताना. धार गेली म्हणणाऱ्यांनी एकदा फक्त तेवढं कान देऊन ऐकावं. २००४मध्ये तो बरा झाला नसता तर हे रेकॉर्डिंग कुणी केलं असतं?

लातूरच्या मित्राला मी अल्बमची लिंक पाठवली. सोबत काही लिहिलं नाही. डॉक्टरबद्दल तर अजिबात नाही, ते बोलायची वेळ मी तिसऱ्या वर्षीच घालवली होती. नऊ दिवस दोन निळ्या खुणांपलीकडे काही नाही. दहाव्या दिवशी रात्री उशिरा मेसेज आला:

"लई मोठाय बे. अकरापर्यंत आलोय."