सारसबाग कोरी जागा नव्हती

संपादक महोदय,

‘सारसबाग ही महापालिकेचीच निर्मिती, पेशवाईचे तिथे देवळापलीकडे काही उरलेले नाही’ हे आपल्या लेखातील विधान दिशाभूल करणारे आहे.

एक, नानासाहेब पेशव्यांच्या काळात आंबिल ओढ्याचे पाणी वळवून पर्वतीच्या पायथ्याशी तळे केले गेले आणि त्यात मुद्दाम बेट राखले गेले. गणपतीचे देऊळ त्या बेटावर १७८४ साली, सवाई माधवरावांच्या काळात झाले. तळे आणि बेट आधीचे, देऊळ नंतरचे.

दोन, देवळाखालचा उंचवटा म्हणजे तेच बेट आणि भोवतालची सखल हिरवळ म्हणजे तळ्याचा तळ. जमिनीचा हा चढउतार पेशवेकालीन रचनेचाच अवशेष आहे.

तीन, लेखात हिराबागेचा उल्लेखही नाही. ती याच तळ्याच्या काठी होती. पर्वती, तळे आणि हिराबाग एकत्र पाहिल्याशिवाय ही रचना कळत नाही.

हिरवळ आणि पायवाटा विसाव्या शतकातील आहेत, एवढेच मान्य. पण ‘काही उरले नाही’ असे छापले, की उरलेले पुसायला मोकळीक मिळते. महापालिकेने तळ्याची जुनी काठरेषा जागेवर आखून तिथे माहितीफलक लावावा.

कळावे,
एक वाचक, पुणे