पावसाळ्यात समुद्र बंद नसतो

जून उजाडला की सातपाटीच्या किनाऱ्यावर होड्या ओढल्या जातात, शाकारल्या जातात आणि मग नारळी पौर्णिमेपर्यंत सगळ्या चौकशांना एकच उत्तर मिळते : समुद्र बंद आहे. नवापूर, दांडी, तारापूर, डहाणू, सगळीकडे हेच. जून-जुलैच्या मासेमारी बंदीचा सरकारी कागद निघण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडचे मांगेला, वैती, कोळी हा काळ पाळत आले आहेत. मासळीच्या विणीचे दिवस ते, त्यामुळे या रिवाजात शहाणपण आहेच. परंतु ‘बंद’ हा शब्द आपल्यापुरता खरा. बंद असते ती आपली ये-जा. अरबी समुद्राचा स्वतःचा कारभार याच महिन्यांत सर्वांत जोरात असतो, आणि त्याचा लेखी म्हणावा असा पुरावा त्याच्या तळाशी पडणाऱ्या कवचांत सापडला आहे.

समुद्राच्या वरच्या थरात फोरामिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव तरंगत असतात. नाव अवघड, अर्थ मात्र ‘छिद्रे असलेले’ एवढाच. ही एकटी पेशी स्वतःभोवती चुन्याचे घर बांधते. एकाला एक चिकटलेल्या फुगीर खोल्या आणि भिंतींना सूक्ष्म भोके. आकार रव्याच्या कणाएवढा, पुष्कळदा त्याहूनही लहान. पुष्कळ जातींचे आयुष्य अवघे काही आठवड्यांचे. पुढची पिढी पाण्यात सोडली की पेशी संपते आणि रिकामे घर खाली निघते. तीन-चार किलोमीटरचा हा उतार जड कवच काही दिवसांत संपवते, हलक्याला आणखी वेळ लागतो. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाने जगभरच्या समुद्रतळाचा गाळ वर काढला, तेव्हा हे जीव तळाशीच राहतात की वरून पडतात, असा वाद होता. जहाजावरच्या जॉन मरे यांनी पृष्ठभागाजवळ बारीक जाळी ओढली आणि त्यांत तेच जीव जिवंत सापडले.

पडतात हे कळले. कधी, किती पडतात हे कळायला आणखी शंभर वर्षे लागली. अरबी समुद्रापुरते हे काम गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मनीच्या हॅम्बुर्ग विद्यापीठाच्या साथीने १९८६ साली हाती घेतले. पश्चिम, मध्य आणि पूर्व अशा तीन ठिकाणी, जवळपास चार किलोमीटर खोल पाण्यात, तळाला वजन आणि वर तरंगक बांधून मोठी नरसाळी उभी केली. नरसाळ्याखाली बाटल्यांचे चक्र. ठरल्या दिवशी एक बाटली बंद होऊन सरकते, दुसरी तिच्या जागी येते. वर वादळ असो की उधाण, हे यंत्र अंधारात महिनोन्‌महिने जमा करत राहते. बँकेत उभी हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला ती बाटल्यांची रांग म्हणजे सरळ रोजकीर्द वाटते : अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, जमा इतकी.

आर. आर. नायर, व्ही. इत्तेकोट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा हिशेब १९८९ साली ‘नेचर’मध्ये मांडला. एप्रिल-मेमध्ये जमा तुटपुंजी. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की ती झपाट्याने चढते. ऑक्टोबरच्या सुमारास उतरते आणि हिवाळ्यात, ईशान्येच्या वाऱ्यांबरोबर, दुसरा लहान चढ येतो.

यामागचे कारण पाहिले की आपला पाऊस वेगळाच दिसू लागतो. सह्याद्रीवर ढग आणणारा वाराच सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगतचे वरचे पाणी लोटून दूर नेतो. त्याची जागा घ्यायला खालचे थंड पाणी वर येते. हे पाणी शेतकऱ्याच्या भाषेत खतावलेले असते, कारण वरून पडून कुजलेल्या साऱ्याचे क्षार त्यात साठलेले असतात. त्यावर वनस्पती-प्लवक फोफावतात, त्यांना खाणारे वाढतात आणि कवचांचा पाऊस तळावर सुरू होतो. हिवाळ्यात उत्तरेकडची कोरडी हवा वरचे पाणी गार करते, ते जड होऊन खाली बसते, घुसळण होते आणि क्षार पुन्हा वर येतात.

यातली एक जात, ग्लोबिजेरिना बुलॉइडिस, खरे तर थंड समुद्रांतली. आपल्या उष्ण भागात ती माजते ती असे गार पाणी वर आले की. म्हणजे गाळाच्या एखाद्या थरात तिची कवचे जास्त, तर त्या काळी मोसमी वारा जोरकस. खरगपूरच्या आयआयटीतील अनिल गुप्ता आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी ओमानजवळच्या गाळातून ही मोजणी करून २००३ साली मोसमी वाऱ्याची सुमारे दहा हजार वर्षांची चढउतार दाखवली. उत्तर अटलांटिक गारठला तेव्हा तेव्हा आपला मोसमी वारा दुबळा झाला, असे त्या चिखलात लिहिलेले आहे. आपल्या पर्जन्यमापकांची दप्तरे यापुढे कालची वाटतात.

या दप्तराची शाई मात्र आता फिकी पडू लागली आहे. आपण हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे पाव हिस्सा समुद्र शोषतो. त्याने पाणी आम्लतेकडे झुकते आणि चुन्याचे घर बांधणे महाग पडते. सोमालियाजवळच्या गाळाचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात एका जातीची अलीकडची कवचे जुन्यांपेक्षा पातळ आणि हलकी भरली.

पालघरसमोरचा समुद्र उथळ आहे. इथे तळावर बसतो तो मुख्यतः नद्यांचा गाळ, हे मान्य. परंतु प्लवकांवर जवळा जगतो, जवळ्यावर बोंबील, ही साखळी इथलीच आहे. २०२३ साली ज्याला राज्यमासा ठरवले ते पापलेटही याच पाण्यात वाढते. मच्छीमारांच्या कर्जाचे कागद मी पुष्कळ पाहिले. त्यांत पावसाळ्याच्या रकान्यात उत्पन्न शून्य. माणसाच्या मिळकतीपुरता तो आकडा बरोबर. वाईट हे की समुद्राकडे पाहतानाही आपण तोच रकाना वापरतो. या महिन्यांत पाण्याकडे कोणी पाहत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात देशातल्या औद्योगिक क्षेत्रांत तारापूर सर्वांत वर होते. पावसाचा आडोसा घेऊन सांडपाणी सोडतात, ही कुरकुर बोईसरला जुनी आहे. ज्या महिन्यांत समुद्राची पेरणी चालते, त्याच महिन्यांत त्याच्यावरचा पहारा सैल असावा, हे मला पटत नाही.

फोरामिनिफेरांच्या काही जाती खाडीच्या चिखलातच राहतात. सांडपाणी साचते तिथे त्यांच्या जाती कमी होतात, काही ठिकाणी कवचे वेडीवाकडी निघतात. म्हणून जगभर त्यांच्याकडे प्रदूषणाचे साक्षीदार म्हणून पाहिले जाते. पालघर, बोईसर, डहाणूच्या महाविद्यालयांनी दर महिन्याला ठरलेल्या जागेवरचा चमचाभर चिखल उचलून ठेवायला हरकत कोणाची? ६३ मायक्रॉनची एक चाळणी, साधा सूक्ष्मदर्शक, नोंदवही. दहा वर्षांत वही भरेल. जुलैत होडी मिळणार नाही हे खरे. पण ओहोटीला खाडीचा काठ उघडा पडतो आणि तिथवर पायी जाता येते.