केस न गळणाऱ्या कुत्र्याचा बाजार

कुत्रा पाळणे ही एके काळी वाड्याची, मळ्याची किंवा बंगल्याची बाब होती. कुत्रा अंगणात असे आणि माणसाच्या व त्याच्या मध्ये उंबरठा असे. अंबरनाथच्या मोरिवलीत किंवा शेजारच्या बदलापूर-उल्हासनगरात आज जी कुटुंबे हौसेने कुत्रा आणतात, त्यांतील बहुतेकांपाशी अंगण नाही. दोन खोल्यांत माणसे आणि जनावर एकाच हवेत राहतात. अशा घरात एखाद्या मुलाला दम्याचा किंवा शिंकांचा विकार असला, म्हणजे आईबाप विचारात पडतात. या ग्राहकासाठी बाजाराने एक उत्तर तयार ठेवले आहे: केस न गळणारी जात घ्या, ॲलर्जी होणार नाही. पूडल, शिट्झू, लॅब्राडूडल ही नावे या आश्वासनासह विकली जातात. ते आश्वासन कितपत खरे आहे, हे तपासणे अगत्याचे आहे.

दोष केसांचा नव्हे

ॲलर्जी केसांमुळे होते, ही समजूतच मुळात चुकीची आहे. वावडे असते ते कुत्र्याच्या शरीरात तयार होणाऱ्या काही प्रथिनांचे. ती लाळेत, त्वचेच्या कोंड्यात आणि मूत्रात असतात. त्यांतील प्रमुख प्रथिनाला शास्त्रज्ञ ‘कॅन एफ १’ म्हणतात. केस हे त्याचे केवळ एक वाहन होय. केस गळोत वा न गळोत, कुत्रा अंग चाटतो आणि त्याच्या त्वचेचा कोंडा झडतच राहतो. कमी केस गळणाऱ्या कुत्र्यामुळे फरशी स्वच्छ राहील. हवा स्वच्छ राहीलच असे नाही.

हा केवळ तर्क नव्हे. अमेरिकेतील डेट्रॉइट येथील संशोधकांनी २०११ साली १७३ घरांतील धुळीची तपासणी प्रसिद्ध केली. ‘ॲलर्जीमुक्त’ म्हणवणाऱ्या जातींच्या आणि इतर जातींच्या घरांत या प्रथिनाच्या प्रमाणात त्यांना फरक आढळला नाही. २०१२ साली हॉलंडमधील संशोधकांचा निष्कर्ष त्याहून बोलका होता. या तथाकथित निर्धोक जातींच्या केसांवर हे प्रथिन इतर कुत्र्यांपेक्षा अधिकच आढळले, आणि घरातील हवेत त्याचे प्रमाण वेगळे नव्हते.

एका पिल्लाची कहाणी

मग ही समजूत आली कोठून? ऑस्ट्रेलियात अंधांसाठी मार्गदर्शक कुत्री तयार करणारे वॉली कॉनरन यांच्याकडे हवाईतील एका अंध महिलेने कुत्र्याची मागणी केली. तिच्या पतीला कुत्र्यांची ॲलर्जी होती. कॉनरन यांनी लॅब्राडोर व पूडल यांचा संकर केला आणि १९८९ साली तीन पिल्ले झाली. त्यांच्या केसांचे व लाळेचे नमुने हवाईला पाठविले, तेव्हा त्या गृहस्थास तिघांपैकी एकच पिल्लू मानवले. एकाच वेताची, एकाच आईबापांची पिल्ले. तरी दोन मानवली नाहीत! ही कहाणी खरे तर जातीच्या भरवशाविरुद्धचा पुरावा आहे. बाजाराने तिचा अर्थ नेमका उलटा लावला. पुढे या संकराचे पेव फुटले, तेव्हा खुद्द कॉनरन यांनीच जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. २००९ साली अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा यांनी मुलीच्या ॲलर्जीमुळे ‘पोर्तुगीज वॉटर डॉग’ जातीचा कुत्रा आणला आणि या समजुतीला आणखी बळ मिळाले.

जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले, की ग्राहकाला मालाचा गुण पारखता येत नसला म्हणजे वाईट माल चांगल्याला बाजारातून हुसकावून लावतो. पिल्लांच्या बाजारात याहून बिकट अवस्था आहे. मोटार निदान परत विकता येते. येथे चूक कळते ती काही आठवड्यांनी, मुलाच्या धापेवरून. आणि तोवर घराला जनावराचा लळा लागलेला असतो. मग त्याची रवानगी गावी, ओळखीच्याकडे किंवा सरळ रस्त्यावर होते. शिवाय न गळणारे केस वाढत राहतात. सहा-आठ आठवड्यांनी ते कापून घ्यावे लागतात, एरवी त्यांच्या जटा होतात. हा खर्च विक्रेता सहसा सांगत नाही.

परीक्षा आधी, पिल्लू नंतर

यावर उपाय काय? प्रथम, दोष कुत्र्याच्याच माथी मारण्यापूर्वी वावडे कशाचे आहे हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. कोकणपट्टीच्या दमट हवेत गादी-उशांतील सूक्ष्म माइट आणि पावसाळ्यातील भिंतींची बुरशी हीही शिंकांची मोठी कारणे आहेत. कारखान्यांच्या शेजारी धुराची भर पडते. तपासणीचा दुसराही लाभ आहे. काही रुग्णांना केवळ नर कुत्र्यातच तयार होणाऱ्या प्रथिनाचे वावडे असते. त्यांना मादी मानवू शकते.

दुसरे, जातीची नव्हे तर त्या विशिष्ट कुत्र्याची पारख करावी. रुग्णाने त्याच्या सहवासात, बंद खोलीत, निरनिराळ्या दिवशी काही तास घालवावेत. पिल्लापेक्षा वाढलेला कुत्रा या परीक्षेला अधिक योग्य. तिसरे, कुत्रा आणल्यावर झोपण्याची खोली त्याला वर्ज्य असावी आणि आठवड्यातून दोनदा त्याला आंघोळ घालावी. हे करूनही त्रास कमीच होईल, नाहीसा होणार नाही. तीव्र दमा असेल, तर कुत्रा न आणणे हाच प्रामाणिक निर्णय होय.

जात पाहूच नये असे नव्हे. दाट केसांचा हस्की येथील उकाड्यात कष्टी होतो. आखूड केसांचा गावठी कुत्रा या हवेला सरावलेला असतो आणि त्याची निगाही सोपी असते.

कुत्र्यांची पैदास व विक्री यांसाठी २०१७ चे केंद्रीय नियम आहेत. आठ आठवड्यांखालील पिल्लू विकण्यास त्यांनी मनाई केली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध तरतूद आहे. तथापि ‘ॲलर्जी होणार नाही’ हे तोंडी वाक्य कोणत्याही कायद्याच्या कचाट्यात सहजी सापडत नाही. म्हणून ग्राहकाने ते लेखी मागावे, आणि कुत्रा न मानवल्यास परत घेण्याची अटही लिहून घ्यावी. जो विक्रेता लिहून देण्यास कचरतो, त्याचे आश्वासन किती मोलाचे आहे हे तेथेच उघड होते.